ग्लाशाची पाती

प्रवासाला निघण्याआधी सगळ्यांनी सामानावर टेकायचं आणि मिनिटभर अवाक्षर काढायचं नाही, ही रीत येफिम झाखारोविचच्या घरात कधी मोडली नव्हती. त्या डिसेंबरच्या दुपारीही ती मोडली नाही. येफिम मोठ्या ट्रंकेवर बसला, ग्लाशा आपल्या बॅगेवर आणि तिचा थोरला भाऊ तिखोन दाराजवळच्या स्टुलावर. दोन तासांनी गाडी होती, तीन दिवसांनी राष्ट्रीय स्पर्धा! फेब्रुवारीत ऑलिंपिकचं सोनं गळ्यात घालून आलेली एकोणीस वर्षांची ग्लाशा पुन्हा बर्फावर उतरणार, म्हणून गावच्या, पेर्मच्या स्टेशनात बँड उभा राहणार होता. तिखोन खाली मान घालून बसला होता. केव्हातरी ग्लाशाची स्केटची पिशवी उघडणारच होती, आणि उघडेल तेव्हा आपण समोर असावं, पळून गेलो असं ग्लाशाला वाटू नये, एवढंच त्याने सकाळपासून मनाशी घट्ट धरून ठेवलं होतं.

येफिमला एक खोड होती. हात रिकामा राहिला की तो मुलीच्या स्केटच्या पात्यावरून अंगठा फिरवायचा. त्या शांत मिनिटातही त्याचा हात आपसूक पिशवीकडे गेला, एक बूट बाहेर आला, पात्यावरचं रबरी म्यान निघालं... आणि अंगठा हवेत थांबला. पातं अर्ध्याहून जास्त खाल्लं गेलं होतं. पुढचे दाते, ज्यांच्यावर उडी घेतात ते, घासून सपाट झाले होते. येफिमने दुसरा बूट काढला, मग जादाची जोडी काढली. चारही पाती तशीच! मिनिट अजून संपलं नव्हतं, म्हणून की काय, कोणी बोललं नाही. मग येफिम उठला आणि हातातला बूट लोखंडासकट त्याने मुलाच्या कानशिलावर हाणला.

तिखोन स्टुलासकट कोसळला. रक्त डोळ्यात उतरलं. दुसरा घाव खांद्यावर बसला, तिसरा बरगडीत, आणि ग्लाशा मात्र बॅगेवर तशीच बसून त्या चार पात्यांकडे बघत राहिली. त्या पात्यांना आजवर तिखोनखेरीज कोणाचा हात लागला नव्हता. धारेची खोबण किती खोल हवी, कुठल्या रिंकच्या बर्फाला किती कड लागते, हे तिला स्वतःला ठाऊक नव्हतं इतकं त्याला ठाऊक होतं. सोनं मिळालं त्या दिवशी तिने पदक आधी बापाच्या गळ्यात घातलं होतं आणि लगेच काढून भावाच्या.

आणि आज या हाताने हे केलं!

का केलं, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

येफिम झाखारोविच हा मारायचाही स्वतः आणि रडायचाही स्वतः, असा माणूस. तिखोन सतरा वर्षांचा असताना, एक उडी सहाव्यांदा चुकली म्हणून बापाने कडेला पडलेली हॉकीची काठी उचलून त्याच्या गुडघ्यावर घातली होती. वाटी फुटली. मग त्याच बापाने त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत धाव घेतली, आणि डॉक्टरांसमोर ढसाढसा रडत सांगितलं की पोरगा बर्फावर पडला. आई दोन वर्षांपूर्वीच गेली होती. ग्लाशा तेव्हा आठ वर्षांची. तिखोनने ते खोटं मान डोलावून पुरं केलं, जन्माचा लंगडा झाला, आणि अंगणातल्या शेडमध्ये धारेचं चाक लावून बहिणीची पाती घासू लागला. गावाला वाटे, बिचारा मनातून जळत असेल. गावाला काय, काहीही वाटतं!

ग्लाशा सोनं घेऊन आली, आणि त्या उन्हाळ्यात ज्याला त्याला एकच विषय. शेजारपाजारच्या बायका म्हणत, पोरीने आता बर्फावरून उतरावं, लग्न करावं, नाव आहे तोवर बाजूला व्हावं. रिंकवरचे म्हणत, एकोणिसाव्या वर्षी कोणी म्हातारं होतं का, अजून दोन ऑलिंपिक आहेत तिच्यात. येफिम म्हणे, एक सोनं नशिबानेही मिळतं, दुसरं मिळालं की लोकांची तोंडं बंद होतात. ग्लाशाला कोणी विचारलं तर ती हसून सांगायची, पापा म्हणेल तेव्हा थांबेन. तिला खरंच तसं वाटायचं. घरात ती त्याला पापा म्हणायची आणि तू म्हणायची, रिंकवर येफिम झाखारोविच म्हणायची आणि तुम्ही म्हणायची, आणि या दोन्ही माणसांवर तिचा सारखाच आंधळा विश्वास होता.

सप्टेंबरात तिची कंबर दुखू लागली. येफिमने एक्स-रेचा फोटो काढून आणला आणि सांगितलं, स्नायू आहे. रोज सकाळी इंजेक्शन सुरू झालं. आणि ऑक्टोबरात एके दिवशी तिखोन रिंकवर गेला, तेव्हा त्याला दिसलं की बापाने बहिणीला गळाला लावलंय.

गळ म्हणजे लांब काठी, तिला दोर आणि दोराच्या टोकाला कमरेचा पट्टा. लहान पोरांना उड्या शिकवताना मास्तर बाजूने घसरत जातो आणि पोर उडालं की काठी वर खेचतो, म्हणजे पडताना आपटत नाही. ऑलिंपिक जिंकलेल्या मुलीला कोणी गळाला लावत नाही. बघणाऱ्या पोरासोरांना वाटलं, काहीतरी नवी उडी शिकवतायत. तिखोन मात्र त्या पट्ट्याकडे बघत राहिला. ही मुलगी खाली आपटता कामा नये, हे बापाला माहीत आहे... म्हणजे बापाला काय माहीत आहे?

रिंकच्या डॉक्टर नोन्ना ल्वोव्ना यांनी त्याला जिन्यात गाठलं. बाई खालच्या आवाजात, भिंतीकडे बघत बोलल्या. मणक्याला चीर आहे. सहा महिने पट्टा बांधून पडून राहिली तर भरेल. खेळत राहिली तर एखादी पड अशी येईल की दोन्ही पाय जातील, कायमचे. फोटो त्यांनी सप्टेंबरातच येफिमला दाखवला होता, आणि येफिमने सांगितलं होतं की पोरीला कळता कामा नये.

"मी लिहून देणार नाही, तीशा. कोणी विचारलं तर नाहीच म्हणेन. मला माझी नोकरी आहे. पण तू भाऊ आहेस तिचा."

तिखोन तसाच घरी गेला. येफिम स्वयंपाकघरात बटाटे परतत होता. मुलाचं बोलणं त्याने पाठमोऱ्यानेच ऐकून घेतलं. मग म्हणाला, चॅम्पियनची हाडं डॉक्टरांच्या पुस्तकातली नसतात. तिखोन म्हणाला, ती आता थांबली तर कोणाचं काय बिघडतं, मिळवायचं ते मिळवून झालंय. त्यावर येफिम वळला, आणि त्याचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता की तिखोनला क्षणभर दया आली.

"ती थांबली की मी कोण रे?" तो म्हणाला. "सांग ना. तीस वर्षं त्या थंडीत उभा राहिलो. ती उतरली की दुसऱ्या दिवशी मला कोण हाक मारणार आहे?"

"तिचे पाय जातील, पापा."

बिडाचा तवा उकळत्या तेलासकट आला. तिखोनने मान वळवली म्हणून चेहरा वाचला, गळ्यापासून खांद्यापर्यंत मात्र कातडी सोलून निघाली. तो किंचाळला, धडपडत नळाखाली वाकला, तर बापाने मागून केस धरून त्याचं डोकं मोरीच्या कडेवर दोनदा आपटलं आणि कानात सांगितलं की ग्लाशाकडे एक शब्द गेला तर दुसरा गुडघाही शाबूत राहणार नाही.

मार खाऊन गप्प बसणारा तिखोन नव्हता. तो ग्लाशाकडे गेलाच. भाजल्याचं तवा निसटला म्हणून सांगितलं, आणि पुढचे शब्दही जपून वापरले. म्हणाला, कमरेचं दुसऱ्या कुठल्या डॉक्टरला दाखवून ये, मॉस्कोला जा हवं तर. ती बुटाच्या नाड्या आवळत होती. हसली.

"पापाने दाखवलंय की. स्नायू आहे. पापा माझ्याशी खोटं बोलेल का?" आणि मग म्हणाली, "तीशा, तुला सांगू? उडीच्या आधी मी पाठीमागे जात असते ना, तेव्हा मला पुढचं काही दिसत नसतं. कडेवरून त्याचा आवाज येतो आणि मी स्वतःला टाकून देते. आई गेल्यापासून माझ्याकडे तो एक आवाज आहे. तो खोटा आहे असं मला कधी वाटलं, तर मी बर्फावरच काय, घरातसुद्धा उभी राहू शकणार नाही."

तिखोनच्या ओठांवर आलेलं सगळं परत गिळलं गेलं. सांगितलं तर ती धावत बापाकडेच जाणार, बाप नाकबूल होणार, डॉक्टरीणबाई नाकबूल होणार. आणि समजा पटलंच, तर पोरीचे पाय वाचतील, पण पायांखालची जमीन जाईल... त्या व्याकुळ विचारात दोन महिने गेले. रोज तो पाती घासत होता आणि रोज तिचं आपटणं मनात ऐकत होता. शेवटी त्याला उमगलं की एक वाट आहे, आणि ती त्याच्या चाकावरूनच जाते. नवी पाती अंगवळणी पडायला दोन महिने लागतात. स्पर्धा हुकली की संघातली जागा हुकली, आणि जागा हुकली की सगळा हिवाळा गेला. तेवढ्यात ती अंथरूण धरेल, तेवढ्यात चीर भरेल. फक्त तिला कोणीतरी द्वेष करायला हवा होता. तो माणूस बाप नसला म्हणजे झालं!

जमिनीवर रक्तात लोळत असताना तिखोनच्या मनात एवढंच होतं. येफिमने त्याला कॉलर धरून अंगणातून फरफटत शेडमध्ये नेलं. बर्फात लाल पट्टा उमटत गेला. मागोमाग ग्लाशा आली, अनवाणी, नुसत्या मोज्यांवर. येफिमने चाक सुरू केलं. तिखोनला तेव्हा कळलं आणि तो हिसडे मारू लागला. पण बापाचा गुडघा त्याच्या पाठीत होता, आणि तीस वर्षं पोरांना काठीने उचलणाऱ्या त्या दंडांत अजून बैलाचं बळ होतं.

"या हाताने ना?" येफिम म्हणाला. "याच ना?"

आणि त्याने मुलाचा उजवा हात चाकावर दाबला.

त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही. शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायचा थांबला, एवढं मात्र शेजारी पुढे कित्येक वर्षं सांगत. तीन बोटं गेली. येफिमने हात सोडला, दोन पावलं मागे झाला, आणि नेहमीसारखा रडायला लागला.

ग्लाशा दारात उभी होती. तिने ना बापाला अडवलं, ना भावाकडे धावली.

"तुझा पाय गेला म्हणून माझे तोडलेस," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "एवढं तरी खरं सांग. जळत होतास ना माझ्यावर?"

येफिमचं रडणं थांबलं. त्याने मुलाकडे पाहिलं. आता हा बोलणार, आता सगळं संपणार, अशी भीती त्या म्हाताऱ्या डोळ्यांत इतकी उघडी पडली होती की ग्लाशाने नुसतं वळून बघितलं असतं तर तिला काही सांगावंच लागलं नसतं. पण ती भावाकडे बघत होती. तिखोनने रक्ताळलेला हात छातीशी धरला.

"होय," तो म्हणाला. "जळत होतो."

दवाखान्यात येफिमने सांगितलं की चाकावर हात घसरला. तिखोनने मान डोलावली. त्याला आता सवयच होती.

पेर्म सोडून तो जवळच्याच कुंगूर गावी गेला आणि तिथल्या बाजारात एक टपरी घेऊन, दोन बोटांनी आणि डाव्या हाताने, सुऱ्या, कात्र्या, खिम्याच्या यंत्रांची पाती, पोरांचे हॉकीचे स्केट यांना धार लावू लागला. ग्लाशाला तो पत्रं लिहायचा, प्रकृती कशी आहे एवढंच विचारणारी, आणि ती न फोडता परत यायची. जानेवारीत इंजेक्शनं थांबल्यावर ती अंथरुणातून उठू शकली नाही, सहा महिने पट्ट्यात पडून राहिली, हे त्याला वर्तमानपत्रातून कळलं. बातमीत बापाचं म्हणणं होतं की धक्क्याने स्नायू आखडलाय, आणि तिचं एक वाक्य होतं: सख्ख्या भावाच्या दगाबाजीने माझी पाठ मोडली. तिखोनने ते वाक्य वाचलं, आणि टपरीत एकटाच, वेड्यासारखा आनंदाने हसला. पडून आहे ना? मग भरेल!

हाड भरलं. ग्लाशा पुन्हा स्पर्धेत उतरली नाही. तीन-चार वर्षं बर्फावरच्या करमणुकीच्या खेळांत नाचली आणि मग बापाच्या हाताखाली मुलांना शिकवू लागली. दोघांनी मिळून आग्निया नावाची एक पोर तयार केली, आणि पंधराव्या वर्षी ती युरोपात जिंकून आली. टपरीतल्या छोट्या टीव्हीवर तिखोनने ते पाहिलं. कडेला बाप उभा होता, पाठीला पोक आलेला, आणि शेजारी ग्लाशा. ती ताठ उभी होती. त्या ताठ पाठीकडेच तो बघत राहिला, आग्नियाची उडी त्याने पाहिलीच नाही.

अशी नऊ वर्षं गेली.

नवव्या वर्षीच्या फेब्रुवारीत, भर दुपारी, टपरीचा पडदा बाजूला झाला आणि ग्लाशा आत आली. डावा डोळा सुजून बंद झालेला, ओठ फाटलेला, कोटाची एक बाही उसवलेली. तिखोनच्या हातातली सुरी चाकावरून उडून फळ्यांवर आदळली. त्याने तोंड उघडायच्या आत तिने त्याच्या गालावर सणसणीत चपराक ठेवून दिली.

मग दुसरी. मग मुठींनी छातीवर, खांद्यांवर, भाजलेल्या गळ्यावर, जिथे हात पोचेल तिथे. सदतीस वर्षांचा तो लंगडा माणूस भिंतीला टेकून मार खात राहिला. बाहेर एक म्हातारी कात्री घेऊन उभी होती, ती निमूट चालती झाली.

थकल्यावर ग्लाशा खाली बसली आणि तुटक तुटक बोलू लागली. आग्नियाची कंबर दुखत होती. बापाने फोटो काढून आणला आणि स्नायू आहे म्हणून सांगितलं. आणि आज सकाळी ग्लाशा रिंकवर गेली, तर युरोप जिंकलेली पोर गळाला लागलेली! तिने फोटो मागितला. त्याने दिला नाही. ती म्हणाली, मग मी हिला बर्फावर उभी राहू देणार नाही. तेव्हा तो सगळ्यांसमोर ओरडला: तुलाही चीर होती, तुला नव्हतं का मी चालवलं? त्या लंगड्याने घात केला नसता तर तू दुसरं सोनंही आणलं असतंस!

"त्याला वाटलं, मला आधीपासून माहीत आहे," ग्लाशा म्हणाली. "तू कधीतरी सांगितलंच असशील, असं वाटलं त्याला."

मग तिने गळाची काठी त्याच्या हातून हिसकावली. त्याने ठोसे मारले, तिने काठी मारली. पहिल्याच घावात काठी मोडली, तरी ती मोडक्या काठीने मारत राहिली. येफिम बर्फावर पडला तेव्हा पोरं किंचाळत होती. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात त्याने डॉक्टरांना सांगितलं की आपण घसरून पडलो, आणि मुलीने मान डोलवावी म्हणून तिच्याकडे बघितलं.

"मी नाही डोलवली," ग्लाशा म्हणाली. "म्हटलं, मी मारलं. आणि सरळ गाडी पकडून इकडे आले."

तिखोन तिच्यासमोर गुडघ्यावर बसायला गेला, पण तो गुडघा वाकत नव्हता, तेव्हा तसाच वाकडातिकडा जमिनीवर टेकला. त्याने तो दोन बोटांचा पंजा तिच्या सुजलेल्या गालाला लावला. नऊ वर्षांत कोणाला लावला नव्हता. तिने तो दोन्ही हातांत धरला, कपाळाशी नेला, आणि तिचा बांध फुटला.

"का नाही सांगितलंस, तीशा? त्या शेडमध्ये मी तुला विचारलं होतं. समोर उभं राहून विचारलं होतं."

"तुझ्याकडे त्याच्याशिवाय कोण होतं, ग्लाशा?"

"तू होतास ना!"

हे तिखोनने कधी मोजलंच नव्हतं. बापाचं प्रेम तिच्यासाठी राखून ठेवावं म्हणून त्याने बोटं दिली, घर दिलं, नाव दिलं, नऊ वर्षं दिली, आणि त्या सगळ्यात आपणही तिचे कोणी आहोत, आपण गेल्यावर तिचंही काही जाईल, एवढी साधी गोष्ट त्या भल्या माणसाच्या डोक्यात आली नव्हती.

"त्याने मला न विचारता बर्फावर ढकललं," ती हुंदके आवरत म्हणाली, "आणि तू मला न विचारता खाली उतरवलंस. पाठ माझी होती. ऑलिंपिक माझं होतं. थांबायचं की खेळायचं, हे अख्ख्या पेर्मने बोलून घेतलं, फक्त मला कोणी खरं सांगून विचारलं नाही. तू माझे पाय वाचवलेस, मला ठाऊक आहे... मरेपर्यंत पाया पडेन तुझ्या. पण तुझ्यावर मी नऊ वर्षं थुंकत होते रे. ती कोण मला परत देणार?"

"चुकलो," तिखोन म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचे डोळे बापासारखे भरभरून वाहू लागले. थोड्या वेळाने त्याने भीत भीत विचारलं, "तेव्हा खरं सांगितलं असतं... तर काय केलं असतंस?"

बाजारात कोणीतरी गोठलेले मासे फळीवर आपटत होतं.

"उतरले असते, बहुतेक," ती म्हणाली. "किंवा नसते उतरले. पायांवर पाणी सोडून खेळले असते कदाचित. कोण जाणे! आता मला कधीच कळणार नाही."

मग ती उठली. उसवलेली बाही तिने खोचून घेतली आणि भावाला दंडाला धरून उभं केलं. साडेचारला पेर्मची गाडी होती. बापाकडे दवाखान्यात जाऊ, असं तिखोन म्हणाला, तर ती म्हणाली, जाऊ, तोही आपलाच आहे, पण आधी आग्नियाच्या घरी. पोर सकाळपासून रडत असेल. नोन्ना ल्वोव्नांनी यावेळी न मागता फोटो आणून दिला होता, तो ग्लाशाच्या कोटात होता.

"तिला काय सांगायचं?" तिखोनने विचारलं. "उतर म्हणून?"

"नाही. मणका दाखवायचा, काय होऊ शकतं ते सांगायचं, आणि मग आपण दोघांनी तोंड मिटून बसायचं. ती काय म्हणेल ते ऐकायचं."

"आणि खेळते म्हणाली तर?"

ग्लाशाच्या फाटलेल्या ओठातून पुन्हा रक्त येत होतं. तिने ते हाताच्या पाठीने पुसलं.

"तर तू माझा हात धरून ठेव," ती म्हणाली. "नाहीतर मी तिलाही मारेन."

तिखोनने टपरीचं दार ओढून घेतलं, आणि दोघं स्टेशनच्या दिशेने चालू लागली. त्याच्या लंगड्या पावलासाठी ती चार पावलांगणिक थांबत होती.